गवताची जागा

एखाद्या वस्तूला कवडीचीही किंमत न देणे, यास मराठीत ‘तृणवत लेखणे’ असे म्हणतात. गवत पायांखाली तुडवले जाते, कोणी न लावता उगवते आणि कोणी न विचारता वाळून जाते. म्हणून क्षुद्रतेला त्याची उपमा मिळाली असावी. परंतु थोडा विचार केला, तर या उपमेने गवतावर मोठाच अन्याय केला आहे, असे दिसून येईल. ज्या ज्वारी-बाजरीची भाकरी आपण खातो, ती गवताच्या कुळातली. भात, गहू, मका व नाचणी हीही त्याच कुळातली. सणावारी गोडधोड ज्याच्यामुळे होते तो ऊस गवतच, आणि घराच्या छपराला आधार देणारा उंच बांबूही गवतच. गाईम्हशींच्या चाऱ्याची तर गोष्टच नको. मनुष्य ज्याला तृणवत लेखतो, त्या तृणाच्याच आधाराने तो जगत आला आहे.

बागेच्या बाबतीतही असेच घडते. बाग म्हटली की गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती ही नावे सर्वांच्या ओठांवर येतात. गवताचे नाव सहसा कोणी घेत नाही. वास्तविक गवताचे सौंदर्य निराळ्या जातीचे आहे. फूल एका जागी स्थिर राहून शोभते. गवत हलताना शोभते. वाऱ्याची साधी झुळूक आली तरी त्याच्या पात्यांतून लाट सरकत जाते. सायंकाळचे तिरपे ऊन तुऱ्यांवर पडले, की ते सोन्याच्या तारांसारखे उजळून निघतात. शरद ऋतूत नदीकाठी काशगवताला पांढरेशुभ्र तुरे येतात. प्राचीन संस्कृत कवींनी शरदाचे वर्णन करताना त्यांचा मोठा गौरव केला आहे. जर्मनीत पोट्सडाम येथे रोपवाटिका चालवणारे कार्ल फॉर्स्टर (१८७४–१९७०) यांनी गवतांना व नेच्यांना बागेत मानाचे स्थान मिळावे म्हणून पुष्कळ खटपट केली आणि १९५७ साली या विषयावर एक ग्रंथही लिहिला. आज अनेक देशांतील उद्यानांत शोभेची गवते आवर्जून लावली जातात.

मात्र ‘गवत काय, कोठेही येते!’ असे समजून जो ते लावतो, त्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. एका शाळेच्या पटांगणात असेच घडले. तेथे एक जुना, विस्तीर्ण वड होता. मुले त्याच्या सावलीत डबा खात, खेळत, अभ्यास करीत. परंतु पायांखालची जमीन अगदी उघडी होती. उन्हाळ्यात तेथे धूळ उडे आणि पावसाळ्यात चिखल होई. मोठा पाऊस आला, की वरची माती पाण्याबरोबर वाहून जाई आणि वडाची मुळे दरवर्षी अधिकाधिक उघडी पडत. हे पाहून मुलांनी हरळीचे तुकडे आणून तेथे लावले. पावसाळ्यात हरळी हिरवी झाली व सर्वांना आनंद वाटला. परंतु दिवाळीच्या सुमारास तिची पाती पिवळट, लांबट आणि लेची होऊ लागली व हिवाळा सरण्यापूर्वीच ती नाहीशी झाली. दुसऱ्या वर्षी मुलांनी शेणखत अधिक घातले; तिसऱ्या वर्षी पाणी अधिक घातले. फळ मात्र तेच मिळाले.

मुले हिरमुसली. तेव्हा एका विद्यार्थिनीने शाळेच्या वृद्ध माळ्याला विचारले, “माळीबाबा, हरळी किती चिवट असते! आमच्या शेतातून माझे वडील ती उपटून उपटून थकतात, तरी ती पुन्हा उगवते. मग येथे एवढे खतपाणी घालूनही ती का मरते?”

माळीबाबा हसून म्हणाले, “बाळ, तुमच्या बांधावर आंब्याचे झाड आहे ना? त्याच्या सावलीतली ज्वारी कधी नीट पाहिली आहेस?”

“हो. ती खुरटलेली असते. कणसेही बारीक येतात.”

“मग उत्तर तुला ठाऊकच आहे. ज्वारी काय आणि हरळी काय, दोघी उन्हाच्या लेकी. हरळीला खत थोडे चालेल, पाणी थोडे चालेल. पण तिला ऊन भरपूर हवे. ते काही घमेल्यात भरून तिच्या मुळाशी घालता येत नाही.”

माळीबाबांच्या या साध्या उत्तरात वनस्पतिशास्त्रातील एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. सर्व हिरव्या वनस्पती हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करतात. परंतु उष्ण हवेत या कामात एक अडचण येते. पानातील जे द्रव्य कार्बन डाय-ऑक्साइडला पकडते, ते अशा वेळी त्याच्याऐवजी ऑक्सिजनलाच अधिक पकडू लागते आणि पुष्कळ मेहनत वाया जाते. हरळी, वाळा, ज्वारी, बाजरी, मका, ऊस अशा उष्ण प्रदेशातील अनेक गवतांनी या अडचणीवर उपाय साधला आहे. ती कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम पानाच्या बाहेरच्या बाजूच्या पेशींत धरून ठेवतात आणि मग आतल्या पेशींत त्याची एवढी दाटी करतात, की तेथे ऑक्सिजनला फारसा वावच उरत नाही. १९६६ साली हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर प्रयोग करून ही रीत स्पष्ट करून दाखवली.

ही रीत पूर्वीच्या विहिरीवरील मोटेसारखी आहे. मोट भरभरून पाणी उपसत असे. परंतु ती ओढण्यास बैल लागत आणि बैलांना चारा लागे. गवताच्या पानातील या मोटेचा चारा म्हणजे सूर्यप्रकाश होय. उघड्या माळावर हा चारा मुबलक असतो, म्हणून तेथे हरळी जोमाने वाढते. वडाच्या दाट छायेत चाराच अपुरा; तेथे मोट चालवणे परवडत नाही आणि झाड हळूहळू उपाशी मरते. काही गवतांजवळ अशी मोट नसतेच. त्यांपैकी ज्या जाती पिढ्यानपिढ्या अरण्यातील मोठ्या वृक्षांखाली वाढल्या, त्यांनी रुंद व पातळ पाने पसरून थोडक्या उजेडात निर्वाह करण्याची सवय लावून घेतली आहे.

तेव्हा गवत निवडण्यापूर्वी जागा ओळखली पाहिजे. त्या शाळेतील मुलांनी माळीबाबांच्या सांगण्यावरून प्रथम सावलीचा नकाशा तयार केला. एका सुटीच्या दिवशी सकाळी ८ वाजल्यापासून सायंकाळी ४ वाजेपर्यंत दर दोन तासांनी त्यांनी पटांगणातील सावल्यांच्या कडा चुन्याने आखल्या व त्या कागदावर उतरवून घेतल्या. ज्या जागी दिवसातून ६ तास किंवा अधिक ऊन पडते, ती उन्हाची जागा. जेथे ३ ते ६ तास ऊन मिळते, ती अर्ध्या सावलीची. आणि जेथे ३ तासांहूनही कमी ऊन पोचते, ती सावलीची जागा, असे त्यांनी ठरवले. रोज पाहिलेले पटांगण त्या कागदावर त्यांना नवेच वाटू लागले.

केवळ तास मोजून मात्र भागत नाही. भिंतीच्या पूर्वेला सकाळचे कोवळे ऊन येते, तर पश्चिमेला दुपारनंतरचे रणरणते ऊन येते. तास तेवढेच असले तरी दोन्ही उन्हांचा परिणाम सारखा नसतो. सावलीचेही प्रकार आहेत. बाभळीची पाने बारीक असल्यामुळे तिच्याखाली उन्हाचे कवडसे नाचत असतात आणि तेथे गवत बऱ्यापैकी वाढते. वड व आंबा यांची सावली दाट असते. शिवाय मोठ्या वृक्षाची मुळे भोवतालच्या जमिनीतील पाणी शोषून घेतात, त्यामुळे त्यांच्याखाली उजेडाबरोबर ओलाव्याचाही तुटवडा पडतो.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. सावली वर्षभर एकाच जागी राहत नाही. पुण्यासारख्या ठिकाणी मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो; म्हणून भिंतीच्या उत्तर बाजूलाही ऊन पोचते. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्या वेळी ३ मीटर उंचीच्या भिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेकडे सुमारे पावणेतीन मीटरपर्यंत पसरते. उन्हाळ्यात जागा पाहून तेथे उन्हाचे गवत लावणारा हिवाळ्यात फसतो, त्याचे कारण हेच होय. म्हणून सावलीचा नकाशा निदान दोन ऋतूंत काढून पाहावा.

नकाशा तयार झाल्यावर निवड करणे सोपे जाते. ध्वजस्तंभाच्या भोवतालच्या मोकळ्या, उन्हाच्या जागेत हरळीच योग्य. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या याच. हरळीच्या काड्या जमिनीवर सरपटत जातात व पेऱ्यापेऱ्याला मुळे धरतात. त्यामुळे तिची हिरवी सतरंजी आपोआप विणली जाते आणि मुलांच्या पायांनाही ती दाद देत नाही. परंतु हाच गुण फुलांच्या वाफ्यात दोष ठरतो. म्हणून वाफा आणि हरळी यांच्यामध्ये विटांची कड जमिनीत खोल पुरावी.

जेथे पटांगणाला उतार असेल आणि पावसाचे पाणी माती वाहून नेत असेल, तेथे वाळ्याची रांग लावावी. वाळ्याचा ठोंब पुरुषभर उंच होतो. त्याची लांब पाती वाऱ्याने वाकून डौलदार दिसतात. परंतु त्याचे खरे सामर्थ्य जमिनीखाली असते. चांगल्या जमिनीत त्याची मुळे सुमारे ३ मीटरपर्यंत सरळ खाली जातात व माती घट्ट धरून ठेवतात. वर दाटीने वाढलेले ठोंब वाहत्या पाण्याचा वेग कमी करतात आणि गाळ मागेच अडवतात. या मुळांना मधुर सुगंध असतो. उन्हाळ्यात त्यांचे पडदे करून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत जुनी आहे. इतके असूनही वाळा हरळीप्रमाणे सरपटत नाही. लावला त्या जागी राहतो.

उन्हाच्या वाफ्यात मधोमध शोभेसाठी गवती चहाचा ठोंब लावता येतो. त्याची कमानीसारखी वाकलेली पाती हाताने चुरगळली, तर लिंबासारखा वास येतो. पावसाळी दिवसांत त्याची दोन पाती चहात पडली, तर घरभर सुगंध दरवळतो. काळ्या जमिनीत मारवेल हे आपल्याकडचे चाऱ्याचे गवतही सुंदर दिसते. त्याच्या पेऱ्यांभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे असते व तुरे तांबूस छटेचे असतात.

कुसळी गवत हिवाळ्यात तांबूस-सोनेरी होऊन साऱ्या माळाला शोभा आणते. त्याच्या बियांना लांब कुसळे असतात. ती ओली झाली की त्यांचा पीळ उलगडतो व वाळली की पुन्हा पडतो. अशा रीतीने वळत वळत बी आपणच जमिनीत शिरते. निसर्गाचा हा गिरमिट पाहण्यासारखा आहे. परंतु ही कुसळे कपड्यांत अडकतात आणि गुरांच्या तोंडाला बोचतात. म्हणून कुसळीचे सौंदर्य माळावर जाऊन पाहावे. खेळण्याच्या जागेजवळ तिला आणू नये.

पाण्याच्या नळाजवळची जागा सदैव ओलसर असते. तेथे छत्रीसारख्या पानांचा लव्हाळा शोभतो. तो मूळचा आफ्रिकेकडचा असून ऊन व अर्धी सावली ही दोन्ही सोसतो. लव्हाळा गवतासारखा दिसत असला, तरी तो गवताच्या कुळातला नाही. गवताची काडी गोल असते व तिला पेरे असतात. लव्हाळ्याची काडी बहुधा तिकोनी असते आणि तिच्यावर तसे पेरे दिसत नाहीत. काडी दोन बोटांत धरून फिरवली, की हा भेद चटकन कळतो. पुरात मोठे वृक्ष उन्मळून पडतात, पण वाकणारा लव्हाळा वाचतो, असा दाखला देऊन संत तुकारामांनी नम्रतेचा महिमा सांगितला आहे. अभंगातील तो लव्हाळा म्हणजे शोभेच्या लव्हाळ्याचा आपल्याकडचा भाऊबंदच होय.

इमारतीच्या पूर्वेला, जेथे केवळ सकाळचे ऊन येते, तेथे रुंद पानांचे कार्पेट गवत लावावे. हे मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले. उन्हाच्या कुळातले असूनही ते अर्धी सावली चांगली सोसते. मात्र त्याला हरळीपेक्षा पाणी अधिक लागते. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते, तेथे त्याचा हट्ट धरणे शहाणपणाचे नव्हे.

आता प्रश्न उरतो तो खऱ्या सावलीचा. सह्याद्रीतील दाट झाडीखाली जमिनीलगत पसरणारे एक नाजूक गवत आढळते. त्याची पाने आखूड, रुंद आणि लाटांसारख्या सुरकुत्यांची असतात. शास्त्रज्ञ त्यास ऑप्लिस्मेनस म्हणतात. पावसाळ्यात जंगलातील पाऊलवाटेच्या कडेला ते सहज दिसते, आणि वडाच्या छायेच्या कडेला अशा गवताला जागा देता येते. बाकी सावलीत लावली जाणारी ‘गवते’ बहुतेक नावाचीच गवते असतात. रोपवाटिकेत ज्यास मोंडो ग्रास म्हणतात, ते चीन-जपानकडील रोप शतावरीच्या कुळातले आहे. त्याची गडद हिरवी, अरुंद पाती सावलीत वर्षभर ताजी राहतात. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा क्लोरोफायटम हा आफ्रिकेतून आलेला. तो सफेद मुसळीचा जातभाई. त्यालाही सावली मानवते. पायांखाली तुडवलेले या झाडांना खपत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

आणि वडाच्या बुंध्याजवळच्या त्या अगदी दाट छायेत काय लावावे? तेथे काहीही लावू नये, हेच योग्य उत्तर होय. आपल्या पूर्वजांनी तुळशीला उन्हाच्या अंगणात जागा दिली आणि वडाखाली मात्र पार बांधला. यात केवळ श्रद्धा नव्हती, जागेची पारखही होती. त्या शाळेतील मुलांनी वडाच्या गळलेल्या पानांचा केर काढून जाळणे बंद केले व तो बुंध्याभोवती पसरू दिला. पानांच्या त्या थरामुळे पावसाच्या थेंबांचा मार उघड्या मातीवर बसेनासा झाला. कडेच्या सावलीत त्यांनी मोंडो ग्रासची दाट ओळ लावली आणि उताराच्या तोंडाशी, उन्हात, वाळा लावला. पुढील पावसाळ्यात पटांगणातून बाहेर जाणारे पाणी पूर्वीइतके गढूळ नव्हते, हे पाहून त्यांना हरळीच्या हिरव्या सतरंजीपेक्षाही अधिक समाधान वाटले.

गवत निवडताना केवळ त्याच्या रूपाला भुलणे धोक्याचे आहे. बागेत आणलेली वनस्पती बागेतच राहील, असा नेम नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणलेली घाणेरी आज कितीतरी जंगलांत माजली आहे. तिच्या दाटीखाली गवत उगवत नाही व चरणाऱ्या प्राण्यांचा चारा कमी होतो. बाजरीच्या नात्यातले, कारंज्यासारख्या तुऱ्यांचे फाउंटन ग्रास उत्तर आफ्रिकेतून शोभेसाठी हवाई बेटांत नेले गेले. तेथे ते डोंगरउतारांवर पसरले आणि वाळल्यावर वणव्यांना इंधन पुरवू लागले. नदीकाठी इतके मोहक दिसणारे आपले काशगवतही जमिनीखालून खोड पसरवत जाते. लहानशा बागेत ते एकदा शिरले, की इतर झाडांना जागा उरत नाही. म्हणून रोप घेताना ते कसे दिसते याबरोबरच ते कसे पसरते, हेही विचारावे. आपल्या परिसरातील गवते आधी पाहावी; ती येथील ऊन, पाऊस व माती यांना सरावलेली असतात.

गवत लावण्यास मृगाचा पाऊस हा उत्तम काळ होय. वाळा व गवती चहा यांच्या जुन्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून ते ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर लावावे. पहिल्या दोन महिन्यांत तण काढत राहावे. उन्हाळ्याच्या अखेरीस वाळलेली पाती जमिनीपासून वीतभर ठेवून कापावी. गवताची पाती शेंड्याने वाढत नाहीत, बुडाशी वाढतात. म्हणूनच गुरांनी कितीही चरले तरी ते पुन्हा फुटते. लावलेल्या गवताकडे अधूनमधून निरखून पाहावे. पाती फिकट, लांबट होऊन उजेडाकडे झुकू लागली, तर त्याला ऊन अपुरे आहे असे समजावे. पात्यांची टोके करपली व ती सुरळीसारखी मिटू लागली, तर ऊन किंवा तहान जास्त झाली आहे असे समजावे. अशा वेळी खताची पाटी उचलण्यापूर्वी त्याची जागा बदलता येईल का, याचा विचार करावा.

निसर्गात कोणतीही जागा सर्वस्वी वाईट नसते. ज्या उन्हात नेचा करपतो, त्याच उन्हात हरळी हसते. ज्या सावलीत हरळी उपाशी मरते, त्याच सावलीत अरण्यातले नाजूक गवत सुखाने नांदते. माणसाचे काम एवढेच, की आपली आवड जागेवर न लादता प्रथम जागेचा स्वभाव समजून घ्यावा. जो असे करतो, त्याचे श्रम, पाणी आणि पैसा ही तिन्ही वाचतात, आणि त्याच्या पायांखालची माती जागच्या जागी राहते.

शब्दार्थ

तृणवत – गवताप्रमाणे, क्षुद्र. लेची – नरम, जोर नसलेली. घमेले – माती वाहून नेण्याचे पसरट भांडे. मोट – बैलांच्या साहाय्याने विहिरीतील पाणी वर काढण्याचे जुन्या काळचे साधन. कवडसा – फटीतून आलेला उन्हाचा तुकडा. ठोंब – एकाच बुडख्यातून फुटलेल्या अनेक खोडांचा झुबका. गिरमिट – लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. पार – झाडाच्या बुंध्याभोवती बांधलेला ओटा.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) वडाखाली लावलेली हरळी खतपाणी देऊनही का टिकली नाही?
(आ) मोटेच्या उदाहरणात ‘चारा’ कशाला म्हटले आहे?
(इ) भिंतीच्या उत्तरेकडील जागा उन्हाळ्यात व हिवाळ्यात निराळी का दिसते?
(ई) गवत व लव्हाळा यांतील फरक कसा ओळखावा?

२. कारणे द्या.
(अ) उताराच्या जागी वाळा लावावा.
(आ) कुसळी गवत खेळण्याच्या जागेजवळ लावू नये.
(इ) गुरांनी चरले तरी गवत पुन्हा फुटते.

३. ‘ते काही घमेल्यात भरून तिच्या मुळाशी घालता येत नाही’ हे वाक्य कोणी कोणास म्हटले? त्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
तृणवत लेखणे, पदरी निराशा येणे, दाद न देणे, हट्ट धरणे.

५. पुढील शब्दांचे विग्रह करून समास ओळखा.
खतपाणी, ध्वजस्तंभ, ऊनपाऊस, भाऊबंद.

६. उपक्रम : आपल्या शाळेच्या किंवा घराच्या अंगणाचा सावलीचा नकाशा एकदा डिसेंबरात व एकदा एप्रिलात काढा. दोन्ही नकाशांची तुलना करून कोणत्या जागी कोणते गवत लावाल आणि कोणती जागा तशीच ठेवाल, ते कारणांसह वर्गात सांगा.